सुई कोणाच्या हातात? गडचिरोलीतल्या नवजात बाळांचं प्रकरण

जेंटामायसिन, जंतूंना मारणारं हे प्रतिजैविक, काही नवं औषध नाही. १९६०च्या दशकातलं, स्वस्त, तालुक्याच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारं. १९९६ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत ते काही दिवसांच्या बाळांच्या मांडीत टोचलं जाऊ लागलं, तेव्हा डॉक्टरमंडळींच्या भुवया उंचावल्या त्या टोचणाऱ्या हातांमुळे. हे हात गावातल्याच बायकांचे होते. शाळा पाचवी ते दहावीच्या मध्ये कुठेतरी सुटलेली, घरी धानाची शेती, नर्सिंगचा कागद नाही, सरकारी नेमणूक नाही.

त्या काळच्या वैद्यकीय पुस्तकांत या प्रसंगाला उत्तर एकच होतं: नवजात बाळाला जंतुदोष झाला की दवाखान्यात भरती करा. उत्तर बरोबरच होतं. फक्त बाळ दवाखान्यात जात नव्हतं.

हे प्रकरण सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात बहुधा यशोगाथा म्हणून सांगितलं जातं. दोन आकडे फळ्यावर, टाळ्या, पुढचा विषय. मला त्यात जास्त रस आहे तो दुसऱ्याच दोन गोष्टींत. त्या सुईपर्यंत पोचायच्या आधी काय काय मोजावं लागलं, आणि संशोधनाचा सरकारी कार्यक्रम झाला तेव्हा ती सुई गेली कुठे.

आधी मोजणी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. बहुतेक भूभाग जंगलाचा, पूर्वेला बस्तर, पोटापाण्याला धान, मोह आणि उन्हाळ्यातला तेंदूपत्ता. अभय आणि राणी बंग हे नागपूरला शिकलेलं डॉक्टर दांपत्य अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून १९८४ साली परतलं आणि १९८६पासून त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेचं काम इथे सुरू झालं. सुरुवातीची जागा म्हणजे तेंदूपत्त्याचं एक जुनं गोदाम. पुढे धानोऱ्याच्या रस्त्यावर शोधग्राम उभं राहिलं. तिथल्या दवाखान्याला लोकांच्या इच्छेनं दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं आणि बांधणी गावातल्या घरांसारखी झाली. शहरातल्या इस्पितळाच्या लांबलचक पांढऱ्या वऱ्हांड्यात शिरायला इथला माणूस बिचकतो, हे ध्यानात घेऊन.

त्यांचा गाजलेला पहिला अभ्यास बाळांचा नव्हताच, बायांच्या आजारांचा होता. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तोवर सरकारी कागदावर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. बाई गरोदर नसताना, ऑपरेशनला उभी नसतानाही तिला शरीर असतं, ही गोष्ट आकड्यांत लिहिलेली कोणी पाहिली नव्हती. पुढच्या सगळ्या कामाची पद्धत इथेच ठरली म्हणता येईल: दवाखान्याच्या दारात कोण येतं ते मोजायचं नाही, गावात कोण आहे ते मोजायचं.

बालमृत्यू मोजणं याहून अवघड. आपल्याकडे बाळाचं नाव बाराव्या दिवशी ठेवतात. त्याआधी पाचवी असते, सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते, आणि तोवर बाळ आपलं झालं असं म्हणायची घाई कोणी करत नाही. तिसऱ्या दिवशी गेलेल्या बाळाला नाव नसतं, कागद नसतो. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्याचा जन्मही नसतो आणि मरणही नसतं. घरातल्या बाईला ‘मुलं किती’ विचारलं तर ती जिवंत असलेली सांगते. यात लपवाछपवी नाही, बोलण्याची रीतच तशी आहे. पण सरकारी कर्मचारी एकच प्रश्न विचारून पुढे गेला, तर त्याच्या वहीत त्या गावात बाळ मेलेलंच नसतं. वरचे साहेब कमी मृत्यूंवर खूश आणि जास्त मृत्यूंवर स्पष्टीकरण मागणारे असतील, तर त्याला तो प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचं काही कारणही नसतं.

सर्चनं दुहेरी नोंद ठेवली. गावातला माणूस घडेल तसा प्रत्येक जन्म-मृत्यू लिहायचा, आणि ठरावीक काळानं दुसरी माणसं घरोघर जाऊन तेच पुन्हा विचारायची. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की एकीत सुटलेलं दुसरीत सापडतं. १९८८च्या सुमाराला अर्भकमृत्यूचा दर निघाला हजारी १२१. दर आठ बाळांमागे एक बाळ पहिल्या वाढदिवसाआधी जात होतं.

लाल मणी

मरणाची कारणं शोधताना सगळ्यांत ठळक दिसला न्यूमोनिया. गावात त्याला वेगळं नाव असतं. बाळाची छाती आत ओढली जाते, पोट उडतं, तेव्हा बाया ‘डबा झाला’ म्हणतात. उपचार होता को-ट्रायमोक्साझोलचं साधं पातळ औषध. मेख होती ओळखण्यात. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटभर श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, त्याहून मोठ्या तान्ह्याचे ५० किंवा अधिक, तर औषध सुरू. आणि ज्या सुईणींकडून हे करून घ्यायचं होतं, त्यांतल्या कित्येकींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं.

यावर त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत हुशारीचं वाटतं, आणि गंमत म्हणजे वर्गात ते अर्ध्या वाक्यात उरकलं जातं. त्यांनी सुईणींना मोजणी शिकवायचा हट्ट सोडला आणि एक लाकडी साधन बनवलं. मिनिटभराची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहापर्यंत मोजता येणं पुरे. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. वयाच्या दोन गटांसाठी मण्यांच्या दोन ओळी. कौशल्य बाईकडे नाही म्हणून कामच तिच्याकडे द्यायचं नाही, हा सोपा मार्ग होता. त्याऐवजी तिच्याकडे जे होतं, म्हणजे बाळ हाताळायचा आयुष्यभराचा सराव, ते धरून उरलेलं मण्यांवर सोपवलं गेलं.

५८ गावांत हा उपक्रम झाला, ४४ गावं तुलनेसाठी होती. उपचार मिळालेल्या बालकांत न्यूमोनियाने दगावण्याचं प्रमाण ०.८ टक्के आलं; तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होतं. हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं, १९९० साली. मोठ्या मुलांचे मृत्यू झपाट्याने उतरले.

आणि मग जे उरलं ते उघडं पडलं. १९९३ ते ९५ या काळात नवजात मृत्युदर, म्हणजे पहिल्या २८ दिवसांतल्या मृत्यूंचा दर, हजारी ६२ होता. वर्षाच्या आतल्या मृत्यूंत बहुतेक वाटा या पहिल्या चार आठवड्यांचाच. न्यूमोनियाचं धुकं निवळल्यावर मागचा डोंगर दिसावा, तसं झालं.

एक वर्ष नुसतं पाहण्याचं

एप्रिल १९९५ ते मार्च १९९६ हे वर्ष या प्रकरणाचा कणा आहे, आणि तेच त्याचं सर्वांत अडचणीचं पानही आहे.

३९ गावांत गावातल्याच स्त्रिया निवडून त्यांना शिकवलं. त्यांना नाव मिळालं आरोग्यदूत. बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, ताप-थंडावा बघायचा, आणि महिनाभरात ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा घरी जाऊन दिसेल ते लिहून ठेवायचं. वर्षभरात अशी ७६३ बाळं पाहिली गेली. ९५ टक्के जन्म घरीच झालेले. ४२ टक्के बाळांचं वजन अडीच किलोहून कमी. जवळपास निम्म्या बाळांना जिवावर बेतू शकेल असं काहीतरी झालं, निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, आणि तशी मदत ज्यांना खरोखर मिळाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. ४० बाळं दगावली.

त्या ४० मृत्यूंपैकी २१ जंतुदोष किंवा न्यूमोनियाचे, ८ जन्मताना श्वास न घेतल्याचे, ६ फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे. निम्म्याहून जास्त बाळं अशा आजाराने गेली ज्यावरचं प्रतिजैविक तालुक्याच्या दुकानात होतं.

इथे कोणीही थांबून विचारेल, आणि विचारावंच: आरोग्यदूत घरात हजर होती, बाळ सुकत चाललेलं तिला दिसत होतं, ती लिहीत होती. मग ते काय संशोधन झालं?

बचाव असा की त्या वर्षी आजारी बाळाच्या घरच्यांना दवाखान्यात न्या असं सांगितलं जात होतं आणि घरचे नेत नव्हते. दुसरं, नवजात बाळ घरात आजारी पडतं तेव्हा नेमकं काय काय दिसतं, याचं खेड्यातलं चित्रच जगात कोणाकडे नव्हतं. पुस्तकं सगळी इस्पितळातल्या बाळांवर लिहिलेली. लक्षणांची घरगुती ओळख पटल्याशिवाय सातवी शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन देणं ही दुसऱ्या टोकाची बेजबाबदारी झाली असती. रडणं क्षीण झालं, दूध ओढेना, हातपाय लुळे पडले, पोट फुगलं, छाती आत ओढली जाते, अंग थंडगार लागतं. यांतली कुठली दोन लक्षणं एकत्र आली की बाळ धोक्यात समजायचं, हे ज्या नोंदींमधून पुढे घासूनपुसून घेतलं गेलं, त्या नोंदी याच वर्षाच्या.

मला हा बचाव मान्य आहे, पण आनंदाने नाही. ‘कार्यक्रम नसता तरीही ही बाळं गेलीच असती’ हे वाक्य खरं असलं तरी धोक्याचं आहे. गरीब देशांतल्या संशोधनात या वाक्याआड पुष्कळ काही लपवता येतं. नेमक्या त्याच काळात, १९९७च्या सुमारास, आफ्रिका आणि थायलंडमधल्या एचआयव्हीबाधित गरोदर स्त्रियांवरच्या चाचण्यांत तुलनेच्या गटाला नुसती साखरेची गोळी द्यावी का, यावर जगभर रण पेटलं होतं. औषध सिद्ध झालेलं होतं, फक्त त्या स्त्रियांपर्यंत ते पोचत नव्हतं. गडचिरोलीचं प्रकरण त्याहून वेगळं. घरी दिलेलं इंजेक्शन चालतं की नाही हे खरोखरच कोणाला माहीत नव्हतं. पण याही प्रयोगात इंजेक्शन न मिळालेली, तुलनेसाठी धरलेली ४७ गावं होतीच. विद्यार्थ्यांपुढे हे प्रकरण ठेवलं की पहिला हात याच गावांसाठी वर येतो. मी उत्तर देत नाही. त्या गावांना सरकारी सेवा चालू होती असं अहवाल सांगतो. ती सेवा म्हणजे काय, हे ज्याने त्याने आपल्या उपकेंद्राचं दार आठवून ठरवावं.

पिशवीत काय होतं

१९९६पासून आरोग्यदूतांच्या हाती उपचार आले. टप्प्याटप्प्याने, आधीचं पक्कं झाल्यावर पुढचं. त्यांच्या पिशवीत ताणकाटा आणि वजनाची झोळी, थर्मामीटर, बाळ उबेत ठेवायची कापडी पिशवी, श्वास न घेणाऱ्या बाळासाठी नळी आणि मुखवटा (नंतरच्या काळात दाबायची पिशवी), के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, को-ट्रायमोक्साझोलची बाटली आणि जेंटामायसिन. जंतुदोष वाटला तर आधी दवाखान्याचा सल्ला. घरचे ‘नाही’ म्हणाले तर त्यांच्या संमतीने घरीच, सात ते दहा दिवस.

घरचे ‘नाही’ का म्हणायचे, यावर शहरातली माणसं पटकन अंधश्रद्धेचं बोट दाखवतात. समजुती होत्याच. पहिला चीक पिळून टाकणं, बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत ठेवणं, गरोदरपणी कमी खाणं म्हणजे बाळ बेताचं राहून सुटका सोपी होईल हा हिशेब. पण धानाची रोवणी सुरू असताना घरातली दोन माणसं आठवडाभर शहरात बसवायची, खाण्याचा खर्च, येण्याजाण्याचा खर्च, नाल्याला पूर असेल तर वाटच नाही, आणि दवाखान्यात गेल्यावर कोण कसं बोलेल याची धास्ती, हेही सगळं त्या ‘नाही’त होतं. यात कुठला अडाणीपणा आहे? चार दिवसांच्या बाळासाठी उरलेल्या घराचा जीव टांगणीला लावायचा की नाही, हा हिशेब त्या घरातल्या सासूला करावा लागत होता आणि आपल्याला नव्हता, एवढाच फरक.

निकाल १९९९च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये आला. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८मध्ये, ३९ गावांतला नवजात मृत्युदर ६२वरून २५.५वर आला होता. तुलनेच्या गावांत तो ५८ होता, ५९.६ झाला. दोन्हीकडचा बदल एकत्र धरून निव्वळ घट सुमारे ६२ टक्के. जंतुदोष झालेल्या बाळांत दगावण्याचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर. दर बाळामागे खर्च ५.३ डॉलर, तेव्हाच्या हिशेबाने दोनशे-सव्वादोनशे रुपये. ३९ गावं म्हणजे सुमारे ३९ हजार वस्ती, वर्षाला हजाराच्या आसपास जन्म. शेकडेवारी बाजूला ठेवली तर ही गोष्ट अशी: ज्या परिसरात वर्षाला साठेक तान्ही बाळं पुरली जात होती, तिथे पंचविसेक पुरली जाऊ लागली.

चाचणीच्या उणिवाही याच मापाने बघायला हव्यात. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. ज्या भागात सर्चचं आधीपासून काम होतं, लोकांचा विश्वास होता, न्यूमोनियाचा कार्यक्रम रुळलेला होता, तिथेच नवा प्रयोग झाला आणि शेजारचा भाग तुलनेला घेतला. सुरुवातीचे दर दोन्हीकडे जवळजवळ सारखे होते हे खरं. पण विश्वास हा काही पिशवीतून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येणारा जिन्नस नाही. रात्री दोन वाजता बाईला बोलावलं आणि ती आली, हे किती वेळा घडलं याचा परिणाम त्या २५.५मध्ये किती, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही.

पुढे दहा वर्षांच्या आकडेवारीवरून संशोधकांनीच मांडणी केली की मृत्यू कमी झाले ते कशाकशामुळे. जंतुदोषावरच्या उपचाराचा वाटा ३६ टक्के. कमी वजनाच्या बाळांची ऊब-दूध-काळजी ३४ टक्के. जन्मताना श्वास सुरू करून देणं १९ टक्के. बाकी किरकोळ. माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत नीट वाचायचा तक्ता हाच, कारण पुढचं सगळं धोरण यातलं काय उचललं आणि काय ठेवून दिलं यावर उभं आहे.

गडचिरोलीबाहेर

दरम्यान महाराष्ट्रात मोजणीचाच मुद्दा पुन्हा वर आला. २००१ साली राज्यातल्या १३ संस्थांनी मिळून ठिकठिकाणचे बालमृत्यू मोजले आणि ‘कोवळी पानगळ’ या नावाने अहवाल काढला. त्यांच्या मोजणीत आणि सरकारी नोंदीत अंतर इतकं मोठं होतं की त्यावर विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत गदारोळ झाला. पुढे सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. मेळघाटच्या बालमृत्यूंच्या बातम्या १९९३पासून दर पावसाळ्यात छापून येत होत्या. आता निदान ‘किती’ या प्रश्नावर भांडण होऊ लागलं.

बाहेरच्या जगातही हीच कल्पना तपासली जात होती. २००८ साली बांगलादेशातल्या सिल्हेटचे निकाल आले. तिथेही गावपातळीवरच्या कार्यकर्त्या घरी जाऊन, गरज पडली तर इंजेक्शन देत होत्या. नवजात मृत्युदर ३४ टक्क्यांनी घटला. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या शिवगढचे निकाल आले, आणि ते गडचिरोलीकरांना थोडे अडचणीचेच होते. तिथे प्रतिजैविक नव्हतंच. बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणं, लगेच दूध पाजणं, ऊब राखणं, नाळेची स्वच्छता, एवढ्या वर्तनबदलावर ५४ टक्के घट. दोन्ही चाचण्यांत गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली.

म्हणजे सुई लागते की नाही? मला वाटतं दोन्ही निकाल एकमेकांना खोडत नाहीत. जिथे बाळं थंडीने आणि घाणीने आजारी पडतात तिथे आधी आजारी पडणंच कमी करता येतं, आणि शिवगढने तेच दाखवलं. पण आजारी पडलेल्या बाळाचं काय, याचं उत्तर शिवगढकडे नाही. आणि धोरण आखणाऱ्याला मात्र तिथून एक सोयीचा रस्ता दिसला असावा: घरभेटी ठेवू, समजावून सांगणं ठेवू, वजन-तापमान ठेवू, आणि इंजेक्शनचं लचांड नको.

२००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्याच्याबरोबर आशा आली. २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी घरभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११मध्ये भारत सरकारने ‘घरच्या घरी नवजात सेवा’ देशभर आशांमार्फत सुरू केली. बाळ दवाखान्यात जन्मलं तर सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी जन्मलं तर पहिल्या दिवसाची एक जास्त. सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या, अर्ज भरला, गटप्रवर्तक ताईंनी तपासला, की आशाला २५० रुपये मोबदला. पगार नव्हे, मोबदला. महाराष्ट्रातल्या आशांनी २०२३ आणि २०२४मध्ये जे संप केले, त्यांच्या मुळाशी या दोन शब्दांतलं अंतर होतं.

आशाच्या पिशवीत वजनकाटा आहे, थर्मामीटर आहे, ऊबदार पिशवी आहे. गडचिरोलीच्या पिशवीतलं बरंच काही आहे. जेंटामायसिन नाही.

याला चांगली कारणंही आहेत, ती नाकारण्यात अर्थ नाही. ३९ गावांतल्या बायकांना निवडून, वर्षानुवर्षं शिकवून, दर पंधरा दिवसांनी देखरेख ठेवणं वेगळं, आणि लाखो आशांना इंजेक्शन देणं वेगळं. चुकीची मात्रा बाळाच्या मूत्रपिंडाला आणि कानांना बाधू शकते. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू ही आजची खरी डोकेदुखी आहे. आणि परिस्थितीही पालटली. २००५-०६मध्ये देशात दवाखान्यात होणारे जन्म ३९ टक्के होते, २०१९-२१मध्ये ८९ टक्के झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बाळांसाठी खास कक्ष उभे राहिले. २०२०मध्ये देशाचा नवजात मृत्युदर हजारी २० होता. गडचिरोलीतल्या त्या ‘यशस्वी’ २५.५च्याही खाली. १९९५चं घर आणि आजचं घर एक नाही.

तरीही बाळ दवाखान्यात जन्मतं आणि दोन-तीन दिवसांत घरी येतं. जंतुदोष पुष्कळदा त्यानंतर होतो. जिथे रस्ता तुटतो, पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागड दर पावसाळ्यात जगापासून तुटतं तसा, तिथे आठव्या दिवशी दूध सोडलेल्या बाळाचा प्रश्न १९९५मधला होता तोच आहे.

सरकारलाही ते दिसलं होतं. २०१४च्या फेब्रुवारीत केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या: घरच्यांनी दवाखान्यात न्यायला नकार दिला किंवा नेणं शक्यच नसलं, तर एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्सताई, जेंटामायसिन देऊ शकते, सोबत तोंडाने घ्यायचं अमॉक्सिसिलिन. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही भरती शक्य नसलेल्या बाळांसाठी अशाच धर्तीची शिफारस केली. त्यामागे आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या चाचण्या होत्या, पण वाट पहिल्यांदा कुठे पडली हे त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणजे सुई पुन्हा आली, फक्त एक पायरी वर. आशा गावात राहते. नर्सताई उपकेंद्रात, आणि आदिवासी भागात एका उपकेंद्राला तीन हजार वस्ती म्हणजे पाड्या-टोल्यांसह कितीतरी गावं. तिच्या डोक्यावर लसीकरणाचा ठरलेला वार, बैठका, ऑनलाइन नोंदी आणि शिबिरं. इंजेक्शन सलग सात दिवस द्यायचं आहे. त्या सातांतला एक दिवस रविवार असणार.